बूटलोडर उघडण्याआधी परतीची वाट तपासा: जुन्या फोनवर सुरक्षित प्रयोग कसा करावा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात पोको एफ-१ पडून आहे. कंपनीची अपडेट अँड्रॉइड १० पर्यंत येऊन थांबली, पण स्नॅपड्रॅगन ८४५ चिप आणि बाकीचे हार्डवेअर अजून ठणठणीत आहे, म्हणून त्यावर लिनिएजओएस ही अँड्रॉइडवर आधारलेली, कंपनीबाहेर तयार होणारी प्रणाली टाकून पाहण्याची इच्छा आहे. फोन कायमचा निकामी होण्याचा धोका कितपत आहे, तो टाळण्यासाठी आधी काय करावे आणि काम मध्येच अडकले तर फोन परत कसा आणावा, हे जाणून घ्यायचे आहे. जुने फोन दुरुस्त करणे आणि त्यांवर नवी रॉम, म्हणजे फोनची पूर्ण प्रणाली, बसवणे हे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे. या कामात फोन हातचे जातात ते बहुतेक वेळा धाडसामुळे नव्हे, तर परतीची व्यवस्था न करता सुरुवात केल्यामुळे. म्हणून या उत्तराचा मोठा भाग रॉम टाकण्याविषयी नसून त्याच्या आधीच्या तयारीविषयी आणि नंतरच्या निदानाविषयी आहे.

फोन बंद पडण्याच्या दोन अवस्था असतात आणि त्या वेगळ्या ओळखता आल्या की निम्मी भीती जाते. पहिल्या अवस्थेत फोन लोगोवर अडकतो, पुन्हापुन्हा सुरू होतो किंवा एखादा इशारा दाखवून थांबतो, परंतु बटणे दाबून फास्टबूट किंवा रिकव्हरीत जाता येते. फास्टबूट ही संगणकाकडून थेट आदेश घेण्याची अवस्था आहे, तर रिकव्हरी ही दुरुस्तीसाठी ठेवलेली छोटी वेगळी प्रणाली आहे. याला सॉफ्ट ब्रिक म्हणतात आणि घरच्या संगणकावरून तो जवळजवळ नेहमीच दुरुस्त होतो. दुसऱ्या अवस्थेत पडदा पूर्ण काळा राहतो, कोणत्याही बटणाला प्रतिसाद मिळत नाही आणि फोन फास्टबूटमध्येही जात नाही. हा हार्ड ब्रिक होय. तो क्वचित होतो, आणि झालाच तर त्यामागे सहसा काही ठरावीक कृती असतात, त्या पुढे सांगणार आहे.

हा फरक का पडतो हे समजण्यासाठी फोन सुरू होताना आत काय घडते ते पाहावे लागते. पॉवर बटण दाबल्यावर सर्वप्रथम चिपमध्येच कारखान्यात कोरलेला छोटा प्रोग्राम चालतो. त्याला बूट रॉम म्हणतात आणि तो कोणालाही पुसता किंवा बदलता येत नाही. तो पुढच्या टप्प्यातील बूटलोडर, म्हणजे फोनची प्रणाली सुरू करून देणारा प्रोग्राम, तपासून चालवतो. क्वालकॉमच्या चिपमध्ये या टप्प्यांची नावे एक्सबीएल आणि एबीएल अशी आहेत, आणि आपण ज्याला फास्टबूट म्हणतो ते या एबीएलमध्येच राहते. एबीएल हा बूट पार्टिशनमधील, म्हणजे साठवणुकीच्या त्या नावाच्या कप्प्यातील, कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभा चालवतो, किंवा विशिष्ट बटणे दाबली असतील तर रिकव्हरी पार्टिशनमधील कर्नल चालवतो. कर्नलनंतर सिस्टिम आणि व्हेंडर ही पार्टिशने येतात, आणि शेवटी तुमची सर्व माहिती असलेले डेटा पार्टिशन उघडते. या साखळीतील जो टप्पा तुम्ही बदलता त्याच्या आधीचे सर्व टप्पे शाबूत राहतात, आणि तेच तुम्हाला परत आणतात. लिनिएजओएससारखी रॉम साधारणतः बूट, सिस्टिम, व्हेंडर आणि डेटा यांनाच हात लावते. म्हणून ती कितीही बिघडली तरी तिच्या आधीचे फास्टबूट जागेवर असते. ज्या दिवशी तुम्ही एक्सबीएल किंवा एबीएल चुकीच्या फाइलने लिहाल, त्या दिवशी मात्र मागे फक्त बूट रॉम उरेल.

तयारीची सुरुवात फोनची नेमकी ओळख पटवण्यापासून करावी. बाजारातील नावावर विसंबून कोणतीही फाइल उतरवून घेऊ नये. ‘रेडमी नोट ४’ याच नावाने शाओमीने दोन फोन काढले होते. २०१६ मध्ये चीनमध्ये आलेल्या फोनात मीडियाटेकची चिप होती आणि त्याचे सांकेतिक नाव निकेल होते, तर जानेवारी २०१७ मध्ये भारतात आलेल्या फोनात स्नॅपड्रॅगन ६२५ होती आणि त्याचे सांकेतिक नाव मिडो होते. एकाची फाइल दुसऱ्यासाठी पूर्णपणे निरुपयोगी आहे. सॅमसंगच्या अनेक महागड्या मॉडेलांबाबतही असेच घडले आहे, कारण एकाच नावाचा फोन भारतात एक्झिनॉस चिपवर आणि अमेरिकेत स्नॅपड्रॅगनवर विकला जात असे. तुमच्या पोको एफ-१ चे सांकेतिक नाव बेरिलियम आहे. रॉम, रिकव्हरी आणि कंपनीचे मूळ फर्मवेअर (म्हणजे कंपनीने दिलेली प्रणाली) या तिन्ही फाइलींच्या नावात ते दिसले पाहिजे. फोन फास्टबूटमध्ये असताना ‘फास्टबूट गेटव्हार प्रॉडक्ट’ ही कमांड दिल्यास फोन स्वतःच आपले सांकेतिक नाव सांगतो. मी नेहमी या उत्तरावरच विश्वास ठेवतो, कारण खोक्यावरचे नाव आणि मागील झाकण ही दोन्ही बदललेली असू शकतात.

त्यानंतर माहितीचा प्रश्न येतो आणि येथे कोणतीही पळवाट नाही. बूटलोडर उघडताच, म्हणजे कंपनीबाहेरची प्रणाली लिहू न देणारे त्याचे कुलूप काढताच, फोनमधील सर्व माहिती पुसली जाते. ही अडचण मुद्दाम ठेवलेली आहे. तसे नसते तर चोरलेल्या फोनचा बूटलोडर उघडून कोणालाही आतील फोटो आणि संदेश वाचता आले असते. माहिती कूटबद्ध असते आणि पुसताना तिची किल्लीच नष्ट होते, म्हणून नंतर कोणतेही रिकव्हरी सॉफ्टवेअर ती परत आणू शकत नाही. फोटो आणि कागदपत्रे संगणकावर उतरवून त्यातील काही फाइली तेथे प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. व्हॉट्सअॅपचा बॅकअप घ्यावा, आणि दोन टप्प्यांच्या पडताळणीचे कोड देणारे अॅप त्या फोनवर असेल तर ते आधी दुसऱ्या फोनवर हलवावे. ही शेवटची गोष्ट सर्वांत जास्त विसरली जाते, आणि मग फोन उत्तम चालत असूनही माणूस स्वतःच्या ईमेलबाहेर अडकून पडतो. मेमरी कार्ड आणि सिम काढून ठेवावे. पुढे फोन पुन्हा सुरू करताना जुन्या खात्याची मागणी होऊ नये म्हणून गूगल खाते सेटिंगमधून रीतसर काढावे, कारण अँड्रॉइड ५.१ पासून रीसेटनंतर आधीचे खाते विचारण्याची सोय आली आहे.

साधनांबाबत माझा आग्रह साधा आहे. केबल फोनसोबत आलेली किंवा तितक्याच दर्जाची असावी, कारण फक्त चार्जिंगपुरत्या केबलमधून माहिती जातच नाही, आणि सैल केबलमुळे ऐन लिहिण्याच्या वेळी संपर्क तुटतो. संगणकाच्या यूएसबी ३ पोर्टवर फास्टबूट अडखळत असेल तर यूएसबी २ चा पोर्ट किंवा साधा यूएसबी २ हब मध्ये घालावा. हा उपाय क्षुल्लक वाटतो, पण पुष्कळदा तोच लागू पडतो. संगणकावरून फोनला आदेश देणारी एडीबी आणि फास्टबूट ही साधने गूगलच्या प्लॅटफॉर्म टूल्समधूनच घ्यावीत. बॅटरी किमान साठ टक्के भरलेली असावी, कारण फास्टबूटमध्ये काही फोन नीट चार्ज होत नाहीत. आपल्याकडे भारनियमन असलेल्या भागात राहणाऱ्यांनी हे काम डेस्कटॉपऐवजी लॅपटॉपवर करावे. उतरवलेल्या प्रत्येक फाइलची शा-२५६ बेरीज, म्हणजे फाइल जशीच्या तशी आली का हे दाखवणारी खूण, प्रकाशकाने दिलेल्या आकड्याशी ताडून पाहावी. विंडोजमध्ये ‘सर्टयूटिल’ आणि लिनक्समध्ये ‘शा२५६सम’ ही कमांड हे काम काही सेकंदांत करते.

शाओमी आणि पोकोच्या फोनांमध्ये बूटलोडर उघडण्यासाठी शाओमी खाते फोनशी जोडावे लागते. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘मी अनलॉक स्टेटस’ येथे हे होते, आणि त्यानंतर अनेक फोनांना १६८ तास, म्हणजे सात दिवस थांबावे लागते. या काळात अधीर होऊन खाते काढून पुन्हा जोडू नये, कारण प्रतीक्षा पहिल्यापासून सुरू होऊ शकते. ही प्रतीक्षा टाळून देण्याचे आश्वासन देणारी जी साधने फिरत असतात, त्यांच्यापासून दूर राहावे. त्यांतील बरीचशी तुमच्या खात्याचा पासवर्ड मागतात. प्रतीक्षा संपल्यावर कंपनीचे विंडोजवरचे अधिकृत साधन वापरून बूटलोडर उघडावा.

बूटलोडर उघडल्यानंतर लिनिएजओएसकडे धाव घेण्याची इच्छा होते, पण त्याआधी दोन कामे करणे मला अत्यावश्यक वाटते.

पहिले काम आयएमईआय आणि मोडेमच्या माहितीची प्रत घेण्याचे आहे. फोनला नेटवर्कवर ओळख देणारी ही माहिती क्वालकॉमच्या फोनांत मोडेमएसटी-१, मोडेमएसटी-२ आणि एफएसजी या छोट्या पार्टिशनांमध्ये असते, तर सेन्सरचे कॅलिब्रेशन पर्सिस्टमध्ये असते. ही पार्टिशने प्रत्येक फोनची स्वतःची असतात. कंपनीच्या फर्मवेअरमध्ये त्यांची खरी प्रत नसते आणि दुसऱ्या फोनची प्रत टाकून उपयोग होत नाही. म्हणजे फोनमधील इतर सर्व काही इंटरनेटवरून पुन्हा मिळेल, हे एवढेच मिळणार नाही. यासाठी टीडब्ल्यूआरपी ही कंपनीबाहेरची रिकव्हरी फोनवर न लिहिता ‘फास्टबूट बूट’ या कमांडने तात्पुरती चालवावी. त्या कमांडने रिकव्हरी फक्त रॅममध्ये चढते आणि फोन बंद करताच नाहीशी होते. तिच्या बॅकअप यादीतून ईएफएस, म्हणजे मोडेमची ही माहिती, आणि पर्सिस्ट निवडून प्रत घ्यावी आणि लगेच संगणकावर आणि आणखी एका ठिकाणी ठेवावी. फोनच्या आत राहिलेली प्रत पुढच्या फॉरमॅटमध्ये नष्ट होईल. त्याआधीच स्टार-हॅश-०६-हॅश डायल करून दिसणारे दोन्ही आयएमईआय क्रमांक कागदावर उतरवून ठेवावेत. येथे एक गोष्ट स्पष्ट करतो: आपल्याच फोनची मूळ माहिती परत बसवणे वेगळे आणि क्रमांक बदलणे वेगळे. आयएमईआय बदलणे हा भारतात गुन्हा आहे, त्यासाठी २०१७ मध्ये स्वतंत्र नियमही झाले, आणि ‘क्रमांक लिहून देतो’ असे सांगणाऱ्या दुकानदाराकडे फोन देऊ नये.

दुसरे काम परतीची रंगीत तालीम करण्याचे आहे. बूटलोडर उघडल्यामुळे माहिती आधीच पुसली गेली आहे, फोन चांगला आहे आणि डोके शांत आहे. कंपनीचे मूळ फर्मवेअर फास्टबूटमधून टाकून पाहण्यासाठी यापेक्षा योग्य क्षण पुन्हा येत नाही. तुमच्या फोनवर सध्या जी आवृत्ती आहे तीच, किंवा तिच्यापेक्षा नवी, बेरिलियमची फास्टबूट रॉम उतरवून घ्या. ती उलगडल्यावर आत तीन स्क्रिप्ट दिसतील: ‘फ्लॅश ऑल’, ‘फ्लॅश ऑल एक्सेप्ट स्टोरेज’ आणि ‘फ्लॅश ऑल लॉक’. त्यातील पहिली चालवा. काही मिनिटांत सर्व पार्टिशने लिहिली जातील, फोन नव्याने सुरू होईल आणि सेटअपचा पडदा दिसेल. एवढे झाले म्हणजे तुमची केबल, पोर्ट, ड्रायव्हर, फर्मवेअरची फाइल आणि तुमची पद्धत या पाचही गोष्टी चालतात हे सिद्ध झाले. पुढे मध्यरात्री फोन लोगोवर अडकला तरी तुम्हाला काही नवे शिकावे लागणार नाही, तर एकदा केलेले काम पुन्हा करायचे असेल. मी शिकवतो त्या प्रत्येकाकडून ही तालीम करून घेतो आणि ती केल्याशिवाय रॉमच्या फाइलला हात लावू देत नाही.

तिसऱ्या स्क्रिप्टविषयी वेगळे सांगायला हवे, कारण शाओमीच्या फोनांचे सर्वांत मोठे नुकसान तिच्यामुळे होते. ‘फ्लॅश ऑल लॉक’ फर्मवेअर टाकते आणि शेवटी बूटलोडर पुन्हा बंद करते. कंपनीच्या मी फ्लॅश या साधनात तर खालच्या बाजूला ‘क्लीन ऑल अँड लॉक’ हाच पर्याय आधीपासून निवडलेला असतो. फर्मवेअर अचूक त्याच फोनचे आणि त्याच प्रदेशाचे असेल तर यातून काही बिघडत नाही. परंतु फोनवर दुसऱ्या प्रदेशाचे फर्मवेअर टाकले गेले आणि बूटलोडर बंद झाला, किंवा बदललेली सिस्टिम असताना तो बंद केला, तर फोन सुरू होण्यास नकार देतो आणि लॉक असल्यामुळे फास्टबूटमधून काही लिहूही देत नाही. उघडा बूटलोडर हाच तुमच्या हातातील परतीचा दरवाजा आहे. म्हणून फोन अडचणीत असताना तो कधीही बंद करू नये, आणि लिनिएजओएस चालू असताना तर मुळीच नाही. प्रत्येक वेळी मी फ्लॅशमधील तो पर्याय ‘क्लीन ऑल’वर आहे ना, हे बटण दाबण्याआधी पाहावे.

दुसरा खरा धोका जुन्या आवृत्तीवर परतण्याचा आहे. फोनच्या आत एक मोजणी क्रमांक असतो जो फक्त वाढतो. फर्मवेअरचा क्रमांक त्याहून कमी असेल तर बूटलोडर ते चालवत नाही. सुरक्षेतील जुनी भोके पुन्हा उघडता येऊ नयेत, हा त्यामागील हेतू आहे आणि तो योग्यच आहे. २०१८ मध्ये रेडमी नोट ५ प्रो या भारतात प्रचंड खपलेल्या फोनला हे संरक्षण अपडेटमधून मिळाले, आणि मीयूआय या शाओमीच्या प्रणालीची जुनी आवृत्ती टाकायला गेलेल्या अनेकांचे फोन पूर्ण काळे पडले. ‘फास्टबूट गेटव्हार अँटी’ या कमांडने शाओमीच्या फोनांतील हा क्रमांक दिसतो. गूगलच्या पिक्सेल ६ मालिकेतही ऑगस्ट २०२२ मधील अँड्रॉइड १३ ने असेच केले. तेथे गुंतागुंत आणखी एक होती. या फोनांत प्रणालीचे दोन संच, म्हणजे ए आणि बी स्लॉट असतात. अपडेट एका स्लॉटवर बसले आणि दुसऱ्यावर जुना बूटलोडर राहिला, आणि फोन कधी त्या दुसऱ्या स्लॉटवरून सुरू होऊ पाहिला, तर तो सुरूच होणार नाही. म्हणून दोन्ही स्लॉटवर नवा बूटलोडर लिहिण्याचा सल्ला गूगलनेच दिला होता. पोको एफ-१ मध्ये असे दोन स्लॉट नाहीत, तुमच्यासाठी हा भाग सोपा आहे. मात्र पुढे दुसऱ्या फोनवर प्रयोग कराल तेव्हा ही चौकशी आधी करा.

आता प्रत्यक्ष रॉमकडे येऊ. लिनिएजओएस हा २०१६ च्या अखेरीस बंद पडलेल्या सायनोजेनमॉडचा वारस प्रकल्प आहे आणि प्रत्येक फोनसाठी तो स्वतंत्र सूचना देतो. त्या पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्याशिवाय सुरुवात करू नये, विशेषतः कोणत्या फर्मवेअरवर रॉम बसवायची अट आहे तो भाग. पोको एफ-१ वर पॉवर आणि आवाज कमी करण्याचे बटण एकत्र दाबून फास्टबूट मिळते, तर पॉवर आणि आवाज वाढवण्याचे बटण दाबून रिकव्हरी मिळते. फास्टबूटमधून लिनिएजची रिकव्हरी लिहिल्यावर फोन थेट रिकव्हरीतच न्यावा. मध्ये मूळ प्रणाली सुरू होऊ दिली तर ती पुष्कळदा आपली जुनी रिकव्हरी परत लिहून टाकते, आणि माणसाला वाटते की आपली कमांडच चुकली. रिकव्हरीत आधी ‘फॉरमॅट डेटा’ करावे, मग एडीबी साइडलोडने, म्हणजे संगणकावरून केबलने पाठवून, रॉम चढवावी. या वेळी संगणकावरचा आकडा ४७ टक्क्यांवर थांबून ‘फेल्ड टू रीड कमांड: सक्सेस’ असा विचित्र संदेश येऊ शकतो. काम व्यवस्थित झालेले असतानाही तो येतो. म्हणून घाबरून केबल ओढू नये, फोनच्या पडद्यावर काय लिहिले आहे ते पाहावे. गूगल अॅप हवी असतील तर ती फोन पहिल्यांदा सुरू करण्याआधीच बसवावी लागतात. ती लिनिएजच्या किल्लीने सही केलेली नसल्यामुळे रिकव्हरी पडताळणी अयशस्वी झाल्याचे सांगून पुढे जायचे का असे विचारते, तेव्हा खात्रीच्या ठिकाणची फाइल असल्यास होकार द्यावा. पहिल्या वेळी फोन सुरू व्हायला काही मिनिटे लागतात. निदान पंधरा मिनिटे त्याला हात लावू नये.

फोन अडकला तर सर्वप्रथम हात थांबवावेत आणि तो साखळीत कोठपर्यंत पोहोचला हे पडद्यावरून वाचावे. जी दिसेल ती कमांड देत सुटणे हेच सॉफ्ट ब्रिकचे हार्ड ब्रिकमध्ये रूपांतर होण्याचे नेहमीचे कारण आहे. लिनिएजचे हलते चित्र दिसत असेल तर कर्नल चालतो आहे, म्हणजे बूटलोडर, बूट पार्टिशन आणि पडदा ठीक आहेत आणि दोष सिस्टिम किंवा डेटामध्ये आहे. बहुतेक वेळा जुन्या प्रणालीचा कूटबद्ध डेटा फॉरमॅट करायचा राहिलेला असतो, किंवा गूगल अॅपचे पॅकेज वेगळ्या अँड्रॉइड आवृत्तीचे असते. रिकव्हरीत जाऊन फॉरमॅट करून पुन्हा बसवले की काम होते. पोकोच्या लोगोपर्यंत येऊन फोन पुन्हा बंद-चालू होत असेल तर कर्नल उठतच नाही आहे. तेव्हा बूट पार्टिशन आणि फर्मवेअरची आवृत्ती यांच्याकडे पाहावे, आणि रॉमची अट पूर्ण होत नसेल तर आधी योग्य फर्मवेअर आणि मग रॉम असा क्रम घ्यावा. ‘द सिस्टिम हॅज बीन डिस्ट्रॉइड’ अशी भयंकर वाटणारी इंग्रजी ओळ शाओमीच्या फोनांवर दिसते. तिचा अर्थ एवढाच की बूटलोडरने प्रणालीची सही तपासली आणि ती जुळली नाही. अशा वेळी फास्टबूट सुरू असते आणि तालमीत टाकलेले मूळ फर्मवेअर पुन्हा टाकले की फोन परत येतो.

मॅजिस्क हे साधन वापरून रूट केलेल्या, म्हणजे प्रणालीवर पूर्ण अधिकार मिळवलेल्या, फोनवर एखाद्या मॉड्यूलमुळे, म्हणजे त्यात घातलेल्या जोड-प्रोग्राममुळे, अडचण आली असेल तर सगळे पुसण्याची गरज नाही. फोन सुरू होताना आवाज कमी करण्याचे बटण दाबून सेफ मोडमध्ये नेल्यास मॅजिस्क सर्व मॉड्यूल बंद करते. दुसरा मार्ग म्हणजे त्याच आवृत्तीची मूळ बूट इमेज फास्टबूटमधून परत लिहिणे. म्हणूनच मूळ बूट इमेज वेगळी काढून हाताशी ठेवावी.

पडदा पूर्ण काळा असेल तरी लगेच निष्कर्ष काढू नये. फोन अर्धा-एक तास चार्जरला लावावा, मग पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरावे, कारण गोठलेली प्रणाली काळ्या पडद्यासारखीच दिसते. त्यानेही काही झाले नाही तर फोन संगणकाला जोडून विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पाहावे. तेथे ‘क्वालकॉम क्यूडीलोडर ९००८’ असे नाव दिसले तर बूट रॉम जिवंत आहे, परंतु त्याला पुढचा बूटलोडर सापडत नाही. याला इमर्जन्सी डाउनलोड मोड म्हणतात. येथून परत येण्यासाठी त्या फोनसाठी सही केलेली फायरहोज नावाची फाइल लागते, आणि शाओमीच्या अनेक फोनांमध्ये अधिकृत सेवा खात्याची परवानगीही लागते. या टप्प्यावर घरचे प्रयोग थांबवून फोन सेवा केंद्रात किंवा बोर्ड पातळीवर काम करणाऱ्या जाणत्या दुरुस्तीकाराकडे न्यावा, आणि शेवटची कमांड कोणती दिली होती हे त्याला न लपवता सांगावे. ते कळल्यावर त्याचा निम्मा शोध वाचतो.

इतर कंपन्यांच्या फोनांबद्दल थोडक्यात सांगतो. सॅमसंगमध्ये फास्टबूटऐवजी डाउनलोड मोड असतो आणि विंडोजवर ओडिन किंवा मुक्त स्रोतातील हाइमडाल वापरतात. तेथे अनधिकृत प्रणाली चालवताच नॉक्स या सॅमसंगच्या सुरक्षा व्यवस्थेचा फ्यूज कायमचा उडतो, आणि मूळ फर्मवेअर टाकूनही सिक्युअर फोल्डरसारख्या सोयी परत येत नाहीत. मीडियाटेकच्या फोनांत एसपी फ्लॅश टूल वापरताना ‘फॉरमॅट ऑल अँड डाउनलोड’ हा पर्याय कधीही निवडू नये, कारण त्याने आयएमईआय असलेला एनव्हीरॅमही पुसला जातो. तेथे ‘डाउनलोड ओन्ली’ पुरेसे असते.

सर्व सुरळीत झाल्यावरही काही मर्यादा राहतात. उघड्या बूटलोडरचा फोन गूगलच्या प्ले इंटेग्रिटी तपासणीत अनेकदा नापास होतो, त्यामुळे काही बँकांची आणि यूपीआयची अॅप चालत नाहीत, आणि काही ओटीटी सेवांचे चित्र उच्च दर्जात दिसत नाही. तपासणीला चकवणारी मॉड्यूल मिळतात, परंतु ज्या फोनवरून पैसे पाठवायचे आहेत त्यावर अनोळखी माणसाचा रूट पातळीवरचा प्रोग्राम चालवणे मला मान्य नाही. घरात एकच फोन असेल आणि त्यावरच बँकेचे व्यवहार होत असतील तर हा प्रयोग त्यावर करू नका, असेच मी सांगेन. तुमच्याकडे दुसरा फोन असल्याने ही अडचण नाही. आणखी एक बाब ध्यानात ठेवावी: लिनिएजओएस अँड्रॉइडच्या सुरक्षा दुरुस्त्या नियमित आणते, पण मोडेम आणि बूटलोडर यांचे बंदिस्त फर्मवेअर कंपनीने जेथे सोडले तेथेच राहते. फोन तरुण होतो, पण पूर्णपणे अद्ययावत होत नाही.

पुढे कधी हा फोन कोणाला द्यायचा झाला आणि बूटलोडर पुन्हा बंद करायचा असेल, तर क्रम मोडू नका. आधी तालमीत वापरलेले मूळ फर्मवेअर ‘फ्लॅश ऑल’ने टाका. फोन पूर्ण सुरू होऊ द्या, सिम घालून एक फोन लावून पाहा, आणि कागदावर उतरवलेले आयएमईआय क्रमांक जुळवा. हे सर्व ठीक असेल तरच फास्टबूटमध्ये परत जाऊन तेच फर्मवेअर लॉकच्या स्क्रिप्टने टाका. त्या वेळी माहिती पुन्हा पुसली जाईल, म्हणून नव्या मालकाचे गूगल खाते त्यानंतरच जोडू द्या.